वडिलांमागे कद्दिश कोण म्हणणार, आणि विचारायचं कोणाला?

रायगड जिल्ह्यातल्या एका बेने इस्राएल (कोकणातल्या यहुदी समाजातल्या) ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: वडील तीन महिन्यांपूर्वी वारले. भाऊ नाही, दोघी बहिणीच. आई आहे. थोरली बहीण अमेरिकेत असते आणि तिथल्या रिफॉर्म (उदारमतवादी पंथाच्या) सिनेगॉगमध्ये दर शुक्रवारी उभी राहून वडिलांसाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्यामागे म्हणायची प्रार्थना, म्हणते. इथल्या मुकादमांनी, म्हणजे सिनेगॉगच्या प्रमुखांनी, धाकटीला सांगितलं, “बाईने कद्दिश म्हणायचा नसतो.” इस्राएलमधल्या मावसभावाने एका रब्बींना, म्हणजे धर्मपंडितांना, फोनवर विचारलं, ते म्हणाले, “हरकत नाही.” कद्दिशला दहा पुरुष लागतात, गावात तेवढे जमणं मुश्कील. त्यात काकांनी जमिनीचा विषय काढला: “मुलगा नाही, तेव्हा जमीन भावाकडे येते, तोरातच लिहिलंय.” ताई विचारतात, “आपल्याकडे रब्बी नाहीत. मी कोणाचं ऐकू?”

ताई, काकांपासून सुरुवात करतो, कारण तिथे शंकेला जागाच नाही. तोरात, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, नेमकं उलट लिहिलं आहे. बमिदबार, म्हणजे मराठी बायबलातलं ‘गणना’, अध्याय २७ उघडा. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा, सभामंडपाच्या दारात मोशेपुढे, एलाजार याजकापुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, आमचा बाप रानात मेला, त्याला मुलगा नव्हता, तेवढ्यावरून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? देवाचं उत्तर आलं की या मुली बरोबर बोलतात. पुढे नियमच घालून दिला: मुलगा नसेल तर वारसा मुलीला, मुलगीही नसेल तर भावांना. म्हणजे काकांची पाळी तुम्हा दोघींच्या नंतर येते. त्यांनी अर्धी ओळ ऐकली असावी. त्यांच्याशी भांडू नका, पुस्तक घेऊन जा आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.

देशाचा कायदाही तुमच्याच बाजूने आहे. आपल्या यहुदी समाजाला भारतीय वारसा अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना समान, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. तुमच्या घरी आईला एक तृतीयांश आणि तुम्हा बहिणींना प्रत्येकी एक तृतीयांश. मात्र आधी सातबारा पाहा. जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल किंवा वडील आणि काका दोघांची नावं असतील, तर काकांचा स्वतःचा हिस्सा आहेच आणि तो नाकारू नका. हा हिशेब मांडून, वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. हलाखाप्रमाणे, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे, विधवा वारस होत नाही, तिचा हक्क केतुबाचा (विवाहकराराचा) आणि पोटगीचा. म्हणून उद्या कोणी आईच्या हिश्श्यावर बोट ठेवलं, तर तिसऱ्या शतकातल्या बाबिलोनी पंडित श्मुएलचं वचन सांगा: दिना दे-मलखुता दिना, राज्याचा कायदा हा कायदाच. व्यवहाराच्या बाबतीत आपल्या लोकांनी जगभर याच वचनावर दिवस काढले आहेत.

आता कद्दिश. तुमच्या पत्रात एकच प्रश्न दिसतो, पण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न गुंतले आहेत, आणि तुम्हाला तीन तऱ्हेची उत्तरं मिळाली ती त्यामुळेच. दहा माणसं नसतील तर काय? दहा असतील तर मुलीने म्हणावा का? आणि तुमच्या गावात, तुमच्या सिनेगॉगमध्ये, या वर्षी काय करायचं? पहिल्याचं उत्तर जवळपास ठरलेलं आहे. दुसऱ्यावर मोठमोठ्या रब्बींचं एकमत नाही. तिसरं उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

पहिलं. कद्दिश एकट्याने म्हणत नाहीत. पुरुष असो, बाई असो, खुद्द रब्बी असो. त्या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दसुद्धा नाही. त्यात देवाच्या नावाची थोरवी आहे आणि ती मंडळीच्या साक्षीने गायची असते. म्हणणारा “यितगद्दल वेयितकद्दश” म्हणतो आणि मंडळी “यहे शेमेह रब्बा” म्हणून उत्तर देते. उत्तर देणारी मंडळी नसेल तर ती प्रार्थना पुरी होत नाही, म्हणून मिन्यान, म्हणजे दहा जणांची मंडळी, लागतं. तेव्हा घरी एकटीने म्हणता येत नाही ही अडचण तुम्ही मुलगी असल्यामुळे आलेली नाही. तुमच्या जागी मुलगा असता तरी ती असतीच. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण तुमच्या पत्रात दोन्ही दुःखं एकत्र झाली आहेत आणि त्यातलं निम्मं तुमच्या वाट्याचं नाहीच.

फोनवरून किंवा व्हिडिओवरून दहा जण जोडून चालेल का, असं २०२० पासून बरेच जण विचारतात. ऑर्थोडॉक्स (सनातनी) परंपरेत दहा माणसं एका जागी हवीत. ती एका जागी असली तर दूरवरून ऐकणाऱ्याला “आमेन” म्हणता येतं. अलिबाग, पेण, पनवेल किंवा ठाण्यात शब्बाथला (शनिवारच्या पवित्र दिवशी) मिन्यान कुठे जमतं याची चौकशी करा आणि महिन्यातून एखाददा तिथे जा. ठाण्याला आपली वस्ती त्यातल्या त्यात मोठी, तिथे जमण्याची शक्यता अधिक. मधल्या दिवसांसाठी तिथल्या हजानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) किंवा नियमित येणाऱ्या एखाद्या भल्या माणसाला तुमच्या वडिलांचं हिब्रू नाव देऊन ठेवा. ज्याला मुलगा नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने कद्दिश म्हणण्याची रीत फार जुनी आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. आपली प्रार्थना सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या) वळणाची, त्यामुळे हश्काबा ही मृताच्या शांतीची प्रार्थनाही म्हणवून घेता येते. घरी तुम्ही तेहिलीम (स्तोत्रं) वाचा, वडिलांच्या नावाने त्सेदाका (दान) द्या, मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथाचा एखादा भाग लावून शिका. याला कोणाची परवानगी लागत नाही, दहा माणसंही लागत नाहीत, आणि ज्ञानी लोकांनी याला कद्दिशपेक्षा हलकं कधी मानलेलं नाही.

दुसरा प्रश्न अवघड, आणि त्यावर मला जरा थांबायचं आहे. तो तुम्ही पहिल्यांदा विचारला असं समजू नका. सतराव्या शतकात आम्स्टरडॅममध्ये मुलगा नसलेला एक माणूस वारला. जाताना सांगून गेला की वर्षभर रोज दहा जणांनी माझ्या घरी बसून अभ्यास करावा आणि नंतर माझ्या मुलीने कद्दिश म्हणावा. तिथल्या पंडितांनी अडवलं नाही. प्रश्न जर्मनीतले रब्बी याईर खाईम बखराख यांच्याकडे गेला आणि त्यांचं उत्तर ‘हव्वोत याईर’ या १६९९ मध्ये छापलेल्या संग्रहात आहे. ते प्रामाणिकपणे लिहितात की याविरुद्ध पुरावा सापडत नाही. देवाचं नाव पवित्र करण्याची आज्ञा बाईलाही आहे, घरात मिन्यान आहे, आणि मुलीच्या कद्दिशने बापाच्या आत्म्याला समाधान लाभतं. इतकं मान्य करूनही शेवटी ते नाही म्हणतात, कारण असं जो तो आपल्या मनाने करू लागला तर इस्राएलाच्या रूढी सैल पडतील.

हे उत्तर मी कितीदा तरी वाचलंय. मला निर्णय पटत नाही, पण त्या माणसाचा आदर वाटतो. त्याने “शास्त्रात नाही” असं खोटं सांगून मुलीला गप्प केलं नाही. शास्त्र अडवत नाही, मी रूढीसाठी अडवतोय, असं स्वच्छ लिहिलं. म्हणूनच पुढच्यांना वाट उरली. विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे रब्बी योसेफ एलियाहू हेनकिन यांनी, पुरुष कद्दिश म्हणत असताना बाईने आपल्या भागातून सोबत म्हणायला मुभा दिली. रब्बी मोशे फाइन्स्टाइन यांनी एका उत्तरात ओघात लिहिलं आहे की पिढ्यान्‌पिढ्या एखादी शोकातली बाई अभ्यासघरात येऊन कद्दिश म्हणत असे. आजही अनेक ऑर्थोडॉक्स रब्बी, विशेषतः जुन्या सेफार्दी घराण्यांतले, हे मान्य करत नाहीत. रिफॉर्म मंडळींत आणि बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या वाटेच्या) मंडळींत बाई मिन्यानमध्ये मोजली जाते, त्यामुळे तुमच्या बहिणीपुढे हा प्रश्न उभाच राहत नाही.

अमेरिकेतल्या यहुदी कार्यकर्त्या हेन्रिएटा सोल्ड यांची आठवण इथे सांगायलाच हवी. आठ बहिणी, भाऊ नाही. १९१६ मध्ये आई गेली, तेव्हा खाईम पेरेत्झ या स्नेह्याने कळवलं की तुमच्या आईसाठी मी कद्दिश म्हणतो. त्यांनी मनापासून आभार मानले आणि नम्रपणे नकार दिला. त्यांचं म्हणणं होतं की आईवडिलांचं यहुदीपणाशी असलेलं नातं मी पुढे चालवते आहे, हे सांगणं माझं काम आहे आणि ते दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. त्या रूढीला परंपरेचा शत्रू मानत नव्हत्या. पण मुलींना या कर्तव्यातून सूट दिली याचा अर्थ मुलींनी ते करूच नये असा होत नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

तर मुकादम चूक की तो रब्बी चूक? दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. मुकादमांनी तुमच्या सिनेगॉगची चाल सांगितली. आपल्याकडे बायका कद्दिश म्हणत आलेल्या नाहीत, हे खरं आहे आणि जागेच्या चालीला वजन असतं. पण ती चाल म्हणून सांगावी, तोराची मनाई म्हणून सांगू नये. मावसभावाने फोनवर काय विचारलं असेल? बहुधा एवढंच, की मुलीने कद्दिश म्हटला तर चालतं का. तुमच्या गावात दहा माणसं जमत नाहीत, मुकादमांनी आधीच नाही म्हटलंय, काकांशी जमिनीवरून वाजलंय, हे त्या रब्बींना माहीत नव्हतं. अर्ध्या प्रश्नाला आलेलं उत्तर कितीही मोठ्या माणसाचं असो, ते तुमच्यासाठी नसतं.

मतं दोन आहेत याने घाबरून जाऊ नका. तालमुद या धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या एरुविन भागात सांगितलंय की हिल्लेल आणि शम्माई या जुन्या पंडितांची घराणी तीन वर्षं वाद घालत होती, आणि शेवटी वाणी आली की दोन्ही जिवंत देवाचीच वचनं आहेत, पण निर्णय हिल्लेलच्या घराण्याप्रमाणे. का, तर ते सौम्य होते आणि स्वतःच्या मताआधी समोरच्याचं मत शिकवायचे. मिश्नात हरलेलं मतही लिहून ठेवलंय, आणि ते का ठेवलं तेही तिथेच दिलंय: पुढच्या एखाद्या न्यायसभेला आधार घ्यावासा वाटला तर तो असावा म्हणून.

तरीही मतं दोन आहेत म्हणून आवडेल ते उचलायचं, असं नाही. तालमुदात स्पष्ट आहे: एका पंडिताने मना केलं असेल तर परवानगीसाठी दुसऱ्याकडे जाऊ नये. क्राकोच्या रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथावरच्या टिपणात याला एक वाट ठेवली. दुसऱ्याला विचारता येतं, पण पहिल्याने मना केलंय हे त्याला आधी सांगून. मला विचाराल तर सगळी मेख इथेच आहे. दुसरं मत घेणं गैर नाही, पहिलं लपवणं गैर. लपवून मिळवलेली परवानगी चार दिवसांत उघडी पडते आणि मग भांडण कद्दिशवरून राहत नाही, माणसांवरून होतं. आपल्यासारख्या छोट्या समाजात असं भांडण दोन-दोन पिढ्या पुरतं.

आता कोणाला विचारायचं ते. आपल्यात रब्बींची परंपरा नव्हती, हे खरं. पूर्वी काजी होते, मुकादम होते, हजान होते. एकोणिसाव्या शतकात कोचीहून शिक्षक आले, त्यांनी आपल्याला प्रार्थना आणि वाचन शिकवलं. खुद्द कोचीच्या यहुद्यांनी सोळाव्या शतकात त्यांच्यातल्या उच्च-नीचतेचा वाद सोडवण्यासाठी कैरोच्या रब्बी दाविद बेन झिम्रा यांना लिहून विचारलं होतं. दूरवर प्रश्न पाठवणं ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. पण त्यात धोका कुठला असतो, हे बेने इस्राएलांइतकं कोणाला माहीत असणार!

इस्राएलमध्ये गेलेल्या आपल्या तरुणांची लग्नं नोंदवताना काही रब्बींनी शंका काढली. हे लोक इतकी शतकं कोकणात एकटे राहिले, त्यांच्यात घटस्फोट हलाखाप्रमाणे झाले असतील का, बाहेरच्यांशी लग्नं झाली असतील का? १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने तत्त्वतः लग्नाला हरकत नसल्याचं ठरवलं, पण १९६२ च्या सूचनांत बेने इस्राएलांच्या आई-आजीची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करायला सांगितलं. ज्यांनी तेलाचे घाणे चालवतानाही शनिवार पाळला, त्यांना यहुदीपणाचे दाखले मागितले गेले. आपल्या लोकांनी तेव्हा काय केलं? समाज सोडला नाही, आणि मान खाली घालून गप्पही बसले नाहीत. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, क्नेसेटची, म्हणजे इस्राएलच्या संसदेची, खास बैठक झाली, आणि त्याच ऑगस्टमध्ये सूचनांतून बेने इस्राएलांचं नाव काढलं गेलं. शंका असेल तिथे चौकशी कोणाचीही होईल, असा सर्वांसाठी एकच मजकूर आला. ज्या लोकांविषयी निर्णय द्यायचा त्यांना ओळखलं नाही, तर विद्वानांकडूनही अन्याय होतो. आणि त्यावर दाद मागणं म्हणजे धर्म सोडणं नव्हे. तालमुदाच्या सान्हेद्रिन भागात पक्षकाराला “कोणत्या आधाराने माझा न्याय केलात ते लिहून द्या” असं म्हणण्याचा हक्कच दिलेला आहे.

म्हणून मार्गदर्शक शोधताना मी तीन गोष्टी पाहतो. तो उत्तराआधी प्रश्न विचारतो का? येत नाही ते “विचारून सांगतो” म्हणतो का? मोशेनेसुद्धा त्या पाच मुलींना जागच्या जागी उत्तर दिलं नाही, प्रश्न देवापुढे नेला. आणि तो चिडत नाही ना? हिल्लेलच म्हणून गेला आहे की लाजणारा शिकत नाही आणि तापट शिकवू शकत नाही. हे तीन गुण असलेला माणूस वयाने लहान असेल, परदेशी असेल, तरी चालेल. मुंबईत वेळोवेळी रब्बी असतात, इस्राएलमध्ये आपल्यातलेच शिकून रब्बी झालेले आहेत, त्यांना कोकण माहीत आहे. रब्बी एकच धरा. दर प्रश्नाला नवा माणूस नको.

विचारताना लिहून विचारा. वडील कधी गेले, शिवा (सात दिवसांचा शोक) कोणी पाळला, सिनेगॉगची चाल काय, मिन्यान कधी जमतं, बायका कुठे बसतात, कद्दिश म्हणणारा दुसरा पुरुष असतो का, मुकादम नेमकं काय म्हणाले, फोनवरच्या रब्बींनी काय सांगितलं. मुकादमांचं म्हणणं लिहून झालं की त्यांना वाचून दाखवा, “हे बरोबर मांडलंय ना?” असं विचारा. काकांचा विषय त्या पत्रात घालू नका, तो वकिलाचा आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. तिथे मतं मिळतात, त्यांची जबाबदारी कोणी घेत नाही, आणि गेलेल्या माणसाचं नाव शंभर तोंडी होतं.

मी हजान आहे, रब्बी नाही, त्यामुळे निर्णय देत नाही. पण सगळं मागे घेऊन नुसतं “विचारा” म्हणणंही बरं नाही, म्हणून माझं मत सांगतो. मिन्यान जमलेलं असताना एखादा पुरुष कद्दिश म्हणत असेल, तर तुम्ही तुमच्या जागेवरून त्याच्यासोबत शब्दाला शब्द जोडून म्हणावा, याला भक्कम आधार आहे. रब्बींनी तसं सांगितलं तर शब्बाथच्या सकाळी अचानक उभ्या राहू नका. आधीच्या आठवड्यात मुकादमांच्या घरी जा, आईला सोबत न्या, आलेलं उत्तर दाखवा. त्यांना मंडळी सांभाळायची आहे, ते तुमचे वैरी नाहीत. त्यांनी तरीही नकार दिला, तर त्या सिनेगॉगमध्ये म्हणू नका. जिथे मान्य आहे तिथे जाऊन म्हणा. आणि रब्बींनीच नाही म्हटलं, तर कारण विचारा, ते ऐका आणि वर सांगितलेली वाट धरा.

बहिणीचं मन मात्र दुखवू नका. ती तिच्या मंडळीच्या रीतीने वडिलांचं करते आहे. तिचा कद्दिश खरा की खोटा हे ठरवायला तुम्हाला कोणी नेमलेलं नाही, आणि मलाही नाही. मुंबईतसुद्धा डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजियस युनियन स्थापन केली, तेव्हापासून उदारमतवादी वळणाची मंडळी आपल्यातच आहे.

कद्दिश साधारण अकरा महिने म्हणतात, काही सेफार्दी घराण्यांत गणना थोडी वेगळी आहे, तेही त्याच पत्रात विचारून घ्या. तीन महिने गेले आहेत, पुष्कळ वेळ हातात आहे. पत्र लिहायला बसाल तेव्हा वडिलांचं आणि आजोबांचं हिब्रू नाव आणि मृत्यूची तारीख द्या, सूर्यास्ताआधी गेले की नंतर तेही लिहा. हिब्रू दिवस त्यावरून ठरतो आणि पुढे दरवर्षीचा स्मृतिदिनही. नाव ठाऊक नसेल तर आईची केतुबा काढून पाहा, तिथे लिहिलेलं असेल.